घरी गाणे रेकॉर्ड करताना संगणकाचा आवाज कसा आवरावा? (नागपूरचा उन्हाळा गृहीत धरून)

मंद्र | १८ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार. नागपूरच्या महाल भागातील आमच्या जुन्या घराच्या माडीवर दहा बाय बारा फुटांची एक खोली मी रियाज आणि रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवली आहे. डेस्कटॉप संगणक टेबलाखाली, ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) टेबलावर आणि मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर माइक टेबलापासून हातभर अंतरावर, अशी मांडणी आहे. मी प्रामुख्याने ख्याल गाते. विद्यार्थ्यांसाठी बंदिशी रेकॉर्ड करून पाठवते आणि अधूनमधून अभंगही करते.

थंडीत हा संगणक असून नसल्यासारखा होता. होळी झाली आणि त्याला कंठ फुटला. विलंबित आलापात मंद्र (खालच्या) सप्तकात स्वर लावताना आवाज मुळातच लहान असतो, दोन आलापांच्या मध्ये मोकळी जागा असते आणि नेमकी त्याच जागेत ही घरघर ऐकू येते. द्रुत तानांमध्ये ती कळतही नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर आणि छताचा पंखा मी बंद ठेवते, परंतु संगणक बंद ठेवून रेकॉर्डिंग कसे करणार? सॉफ्टवेअरमधील नॉइज रिडक्शन लावले की घरघर जाते खरी, मात्र मींडेचा (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा) शेवटही तिच्यासोबत जातो आणि पाण्याखालून गायल्यासारखे वाटते. नवीन संगणक घेण्याचा विचार नाही. दोन-तीन हजारांच्या आत जे जमेल ते सुचवावे.

सावजी_नव्हे | १८ एप्रिल, रात्री १०:२५

मंद्रताई, काही खरेदी करण्यापूर्वी हा आवाज हवेतून माइकपर्यंत पोहोचतो आहे की तारेतून, हे एकदा ठरवून घ्यावे. दोन्हींचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत आणि लोक बहुधा एकाचे औषध दुसऱ्याला देतात.

गेन (माइकचा आवाज वाढवण्याची पातळी) नेहमीइतकाच ठेवून अर्धा मिनिट खोलीची शांतता रेकॉर्ड करा. त्यानंतर माइक जाड गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवा आणि पुन्हा तेवढेच रेकॉर्डिंग करा. दुसऱ्या वेळी जे कमी झाले ते हवेतून येत होते. जे तसेच राहिले ते विजेचे, तारेचे किंवा इंटरफेसच्या प्रीअँपचे (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाचे). विजेची घूं आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि तिच्या पटींत, म्हणजे १००, १५०, अशी दिसते. संगणकावरील काम वाढले की आवाजाची जात बदलत असेल, माउस हलवताना बारीक किरकिर येत असेल, तर ती यूएसबीतून किंवा अर्थिंगच्या वाटेने आलेली असते. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. फरक लगेच कळतो. एक विनंती मात्र आवर्जून करतो: घूं जावी म्हणून थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. जुन्या घरांत बोर्डाला अर्थ असतोच असे नाही, त्यामुळे इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घेतलेले बरे.

मंद्र | १९ एप्रिल, सकाळी ७:१५

गोधडीचा प्रयोग केला. घरघर जवळजवळ पूर्ण गेली, म्हणजे मुख्य दोष हवेतूनच येतो आहे. अगदी खाली एक चरचर मात्र उरली आणि ती गोधडीने हलली नाही. तिची पट्टी घरघरीपेक्षा वेगळी आहे.

धूळ_आणि_पेस्ट | १९ एप्रिल, सकाळी ११:०५

संगणक दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्यामुळे घरघरीबद्दल लिहितो. चरचरीचे जाणकार सांगतीलच.

थंडीत शांत आणि उन्हाळ्यात गोंगाट, यात संगणकाचा दोष कमी आणि नागपूरच्या हवेचा जास्त आहे. प्रोसेसर थंड करण्यासाठी पंखा खोलीतलीच हवा वापरतो. जानेवारीत ती २० अंशांची असते, मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद माडीवर ३८-४० अंशांची. काम तेवढेच असले तरी प्रोसेसरचे तापमान जवळपास त्याच फरकाने वर सरकते आणि तापमानावर चालणारा पंखा त्यामुळे वेगाने फिरू लागतो. त्यातच हीटसिंकमध्ये धूळ बसलेली असते. कूलरच्या दमट हवेत ती पापुद्र्यासारखी चिकटते; आमच्याकडे मे महिन्यात येणाऱ्या कॅबिनेटांपैकी बऱ्याच कॅबिनेटांच्या हीटसिंकच्या फटींतून पलीकडचे दिसतही नाही. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. संगणक चार-पाच वर्षांचा असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही बदलावी. एवढ्यानेच अनेकदा निम्मे काम होते.

त्यानंतर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पंख्याचा वेग-तापमान आलेख पाहावा. कारखान्यातून येणारे आलेख फार घाबरट असतात. ५० अंश झाले की पंखा धावायला लागतो. सध्याचे डेस्कटॉप प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास स्वतःला आवरतात, त्यामुळे ७० अंशांपर्यंत पंखा कमी वेगावर स्थिर ठेवून त्यापुढे चढवायला हरकत नाही. वेग कमी केल्याचा लाभ मोठा असतो: पंख्याचा वेग निम्मा झाला की त्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणूनच १२० मिलिमीटरच्या एका धावणाऱ्या पंख्यापेक्षा १४० मिलिमीटरचा संथ पंखा परवडतो. तेवढीच हवा तो कमी फेऱ्यांत हलवतो. मात्र कॅबिनेटमध्ये त्याची जागा असल्याची खात्री करूनच घ्यावा.

सॉफ्टवेअरमध्येही संगणकाला कमी राबवता येते. रेकॉर्डिंग करताना आपला आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगने (संगणकातून न जाता थेट) ऐकत असाल, तर बफर (एका वेळी प्रक्रिया होणारा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेवण्याचे कारणच नाही. ५१२ किंवा १०२४ करा, प्रोसेसरवरचा भार उतरतो. जुन्या ट्रॅकवरचे इफेक्ट फ्रीझ करून (आवाजातच कायम करून) ठेवा, ब्राउझर बंद करा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक प्रोसेसरांचा टर्बो (कामापुरता वाढवलेला वेग) थांबतो आणि पंख्याचे अधूनमधून उसळणेही थांबते. स्थिर घरघरीपेक्षा हे उसळणे रेकॉर्डिंगला अधिक घातक, कारण नंतर ते सॉफ्टवेअरने काढता येत नाही.

जाता जाता एक तपासणी: संगणक चालू असताना कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा. आवाज बदलला तर पंख्याच्या जोडीला पत्राही वाजतो आहे. स्क्रू घट्ट करणे, पत्र्याच्या कडेला फोमची पट्टी लावणे, कॅबिनेटच्या पायांखाली रबर देणे, हे सगळे शे-दोनशे रुपयांचे काम आहे. आत जुनी हार्ड डिस्क असेल तर मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि १२० हर्ट्झची गुणगुण पत्र्याला देत राहते. तिच्या जागी एसएसडी घालणे हा मला सुचणारा एकमेव खर्चिक उपाय.

काळी_एक | १९ एप्रिल, दुपारी ३:३०

वरील प्रतिसादात गायकाच्या कानाने थोडी भर घालतो. पंख्याचा आवाज नुसता फुसफुसाट नसतो, त्यात एक स्वर असतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला २० फेऱ्या होतात आणि २० गुणिले ७ म्हणजे १४० हर्ट्झ. माझा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ. माझ्या खोलीत तानपुरा लावला की षड्जाभोवती सेकंदाला एकापेक्षा किंचित जास्त वेळा एक हेलकावा ऐकू येत असे आणि मी तानपुऱ्याच्या जवारीला (तारांच्या झंकाराच्या जुळणीला) दोष देत बसत असे. पंख्याचा वेग थोडा उतरवल्यावर तो हेलकावा गेला.

यातून दोन गोष्टी निघतात. माइकचा किंवा इंटरफेसचा ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर) लावून ही घरघर जाईल, ही अपेक्षा ठेवू नये, कारण तिचा स्वर त्या रेषेच्या वर आहे. आणि ईक्यूमध्ये (ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनात) १४० वर अरुंद खाच पाडावी तर ती पुरुष गायकाच्या थेट षड्जातच पडते. स्त्रियांचा षड्ज बहुधा काळी चार-पाचच्या आसपास असल्याने मंद्रताईंना ही खाच षड्जावर बसणार नाही, परंतु मंद्र मध्यम-गंधाराच्या आसपास ती खटकेल. त्यामुळे पंखा मुळातच हळू करणे हा उपाय मला ईक्यूपेक्षा कितीतरी सुरेल वाटतो.

नवा_श्रोता | १९ एप्रिल, सायंकाळी ६:५०

कंडेन्सर माइक फार संवेदनशील असतो, तो विकून डायनॅमिक माइक घ्यावा. डायनॅमिकला पंखा ऐकूच येत नाही, असे सगळीकडे वाचले आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा फोम लावल्यानेही आवाज थांबतो ना?

वाचिक | १९ एप्रिल, रात्री ८:२०

नवा श्रोता, ही समजूत इतकी पसरली आहे की तिला सविस्तर उत्तर द्यायलाच हवे. मी पुस्तकांचे अभिवाचन करते, त्यामुळे हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे.

समान अंतरावर आणि समान दिशागुण असताना दोन्ही प्रकारच्या माइकना आवाज आणि घरघर सारख्याच प्रमाणात ऐकू येतात. डायनॅमिक माइकचे सिग्नल लहान असते, म्हणून घरघरही लहान दिसते; गायकाचा आवाज योग्य पातळीला आणण्यासाठी गेन वाढवला की ती पूर्ववत वर येते. डायनॅमिकने फायदा झाल्याचे लोक सांगतात तो खोटा नाही, पण त्याचे कारण असे की त्या माइकला ओठ टेकवून बोलले जाते. फायदा त्या जवळिकीचा आहे. माइकपासूनचे अंतर ३० सेंटीमीटरवरून १५ वर आणले की आवाज ६ डेसिबलने वाढतो, गेन तेवढाच उतरवता येतो आणि घरघर ६ डेसिबलने खाली जाते. हे कंडेन्सरवरही तसेच घडते आणि याला एक रुपयाही लागत नाही.

ख्यालगायनात मात्र ही युक्ती एका मर्यादेपर्यंतच चालते. फार जवळ गेले की खर्ज अवास्तव फुगतो, श्वास ऐकू येतो आणि तार सप्तकात जाताना मान मागे घेण्याची सवय असलेल्या गायकाचा आवाज दर आवर्तनात वेगळ्या जागी बसतो. पॉप फिल्टर लावून एक वीत अंतर हा मला योग्य मध्यबिंदू वाटतो.

दुसरी फुकटची गोष्ट दिशेची. कार्डिऑइड (समोरचे जास्त ऐकणारा) माइक पाठीमागून, म्हणजे १८० अंशांवर, सर्वांत कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइडची (त्याच्याहून अरुंद दिशेने ऐकणाऱ्या माइकची) बहिरी जागा साधारण १२५ अंशांवर, तिरकी मागे असते. मंद्रताईंच्या मांडणीत संगणक माइकच्या बाजूला येतो आहे असे दिसते. माइकची पाठ संगणकाकडे करावी. पाठ केली तरी तो आवाज समोरच्या भिंतीवर आपटून माइकच्या तोंडात येतो आणि मोकळ्या भिंतींच्या लहान खोलीत हा लाभ अर्ध्यावर येतो, म्हणून गाणाऱ्याच्या पाठीमागे काहीतरी जाड आणि मऊ हवे. इथे फोमचा प्रश्न येतो. फोम आवाज अडवत नाही, फक्त खोलीतील परावर्तन शोषतो, आणि पातळ फोम तर वरच्या पट्टीतलेच. अंड्यांचे ट्रे दोन्हींपैकी काहीच धड करत नाहीत, शिवाय पेट घेतात. थंडी संपल्यावर पेटीत गेलेल्या रजया काढा, दोरीवर दुहेरी टाकून भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. त्या फोमपेक्षा उजव्या ठरतात.

किती शांतता पुरेशी, हेही सांगते. ऑडिबलसाठी पुस्तके स्वीकारणाऱ्या एसीएक्स या व्यासपीठाची अट अशी आहे की (डिजिटल मापनात कमाल पातळी शून्य धरून) आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान, कमाल उणे ३ च्या आत आणि शांततेची पातळी उणे ६० किंवा त्याहून खाली असावी. गाण्यासाठी असा नियम नाही, पण मोजपट्टी म्हणून हा आकडा चांगला आहे. मोजणी कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून लहान-मोठ्यातील फरक कमी करणारे साधन) लावल्यानंतर करावी. दाबलेला आवाज पुन्हा वर आणण्यासाठी ६ डेसिबल मेकअप गेन दिला की आवाजासोबत घरघरही ६ डेसिबलने वर येते.

मंद्र | २० एप्रिल, रात्री ९:०५

सर्वांचे आभार. हीटसिंक साफ करवून घेतला, आलेख बदलला, माइकची पाठ संगणकाकडे केली आणि रजया टांगल्या. शांततेची पातळी उणे ४७ वरून उणे ५६ वर आली. उरलेल्या आवाजासाठी संगणक खोलीबाहेर गॅलरीवजा सोप्यात नेता येईल का? दोन्हींच्या मध्ये जुना सागवानी दरवाजा आहे. दुसरा विचार असा की टेबलाशेजारच्या लाकडी कपाटातच तो बंद करावा.

धूळ_आणि_पेस्ट | २० एप्रिल, रात्री ९:३०

कपाटाचा विचार सोडून द्या. बंद कपाटात काही मिनिटांत हवा तापते, पंखे पूर्ण वेगाने धावतात आणि दार उघडे ठेवावे तर मग कपाट कशाला? सोपा चालेल, फक्त दुपारचे ऊन कॅबिनेटवर थेट पडू देऊ नका.

सावजी_नव्हे | २० एप्रिल, रात्री १०:१०

बाहेर नेणे हाच खरा उपाय. बाकी सगळी त्याची तयारी म्हणायची.

इंटरफेसमध्ये बहुधा पंखा नसतो, म्हणून तो आतच राहू द्या. गेनची कळ हाताशी राहते. यूएसबी २.० ची साधी तार ५ मीटरपर्यंत विश्वासाने चालते आणि तुमचे अंतर त्याच्या आत बसेल असे दिसते. त्याहून लांब जायचे झाले तर इंटरफेसही बाहेर ठेवून माइकची एक्सएलआर तार लांबवावी. ती बॅलन्स्ड (बाहेरचा विजेचा गोंगाट रद्द करणारी) असल्यामुळे १५-२० मीटर सहज जाते. स्क्रीन आणि कीबोर्ड आत हवेतच असे नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात वेब ब्राउझरमधून चालणारा रिमोट आहे. एकाच वाय-फायवर असलेल्या मोबाईलवरून रेकॉर्ड आणि थांबा या कळा दाबता येतात. मोबाईलचे नेटवर्क तेवढ्या वेळापुरते बंद ठेवावे, नाहीतर नेमका समेवर फोन यायचा.

आता दाराबद्दल. सागवानी दार कितीही जड असले तरी त्याची फट सगळे गणित बिघडवते. दाराच्या क्षेत्रफळाच्या केवळ १ टक्का जागा उघडी असेल, तर दार कशाचेही असो, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. तारेसाठी दार किलकिले ठेवण्यापेक्षा उंबरठ्याजवळ चौकटीला लहानसे भोक पाडावे, तार ओवल्यावर ते कापूस किंवा पुट्टीने भरावे आणि दाराखाली गुंडाळलेली सतरंजी सरकवावी. जुन्या दारांना रबराची पट्टी लावली तर आणखी उत्तम.

सोपा_आणि_ओटा | २१ एप्रिल, सकाळी ८:००

उरलेल्या चरचरीबद्दल माझा संशय छताच्या पंख्याच्या रेग्युलेटरवर आहे. गोल फिरवायच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक असतो आणि तो विजेची लाट कापून वेग कमी करतो. त्या कापण्याने छताचा पंखा गुणगुणतोच, शिवाय त्याच वायरिंगवरच्या इंटरफेसमध्येही चरचर शिरते. शेजारच्या खोलीतला पंखा त्याच सर्किटवर असेल, तर तुमच्या खोलीतला बंद ठेवूनही काही उपयोग नाही. घरातले सगळे पंखे बंद करून ऐका. दोषी तोच निघाला तर पायऱ्यापायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावून घ्या. थोड्या पैशांत काम होते. एलईडी दिव्यांचे डिमरही असाच त्रास देतात. आणि वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करूच नये. त्या काळात पंखे आणि अडॅप्टर दोन्ही कुरकुरतात.

मंद्र | २३ एप्रिल, रात्री ८:४५

रेग्युलेटरच होता, आणि तोही सासूबाईंच्या खोलीतला! तो बदलला. संगणक सोप्यात गेला, दाराला पट्टी लागली, आता शांतता उणे ६४ वर आहे. हेडफोन लावून ऐकल्यावर घरघरीऐवजी एक बारीक, सपाट सळसळ मात्र आता कळते. ती पूर्वी नव्हती.

वाचिक | २३ एप्रिल, रात्री ९:२५

पूर्वीही होती, घरघरीने ती झाकली होती. ती माइकची स्वतःची सळसळ आहे. प्रत्येक कंडेन्सर माइकच्या माहितीपत्रकात सेल्फ-नॉइजचा आकडा दिलेला असतो: रोड कंपनीच्या एनटी१-ए चा ५ डेसिबल, तर ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० चा २०. घरगुती रेकॉर्डिंगला २० सुद्धा चालतो, मंद्र सप्तकातील संथ आलापाला तो जाणवू शकतो. त्यासाठी लगेच माइक बदलण्याची घाई मी करणार नाही. मिश्रणात तानपुरा आल्यावर ही सळसळ त्याच्या झंकारात विरून जाते.

आता नॉइज रिडक्शन वापरायला हरकत नाही, पण हात राखून. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आरंभी दहा सेकंद न गाता, न हलता खोलीची शांतता घ्या, तिचाच नमुना सॉफ्टवेअरला द्या आणि ६ डेसिबलच्या पलीकडे जाऊ नका. गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) लावूच नका. मींड संपताना स्वर हळूहळू मिटत जातो आणि गेट त्याला मध्येच तोडतो. फारच गरज वाटली तर एक्स्पांडर (तोच आवाज बंद न करता फक्त कमी करणारे साधन), तोही सौम्य प्रमाणात.

कूलरबद्दल राहिले. रेकॉर्डिंगच्या आधी तासभर खोली गार करून मग तो बंद करण्याची पद्धत चांगली आहे, पण त्या वेळी माइक स्टँडवर उघडा ठेवू नका. दमट हवेत कंडेन्सरच्या कॅप्सूलवर ओल धरली की तडतड सुरू होते आणि ती कोणत्याही संगणकाची नसते. माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा आणि कूलर बंद करून हवा थोडी कोरडी झाल्यावर बाहेर काढा. मे महिन्यात मी तर पहाटे पाचला बसते. त्या वेळी कूलरची गरज पडत नाही आणि संगणकाचा पंखाही जागा होत नाही. फक्त कोकिळेचे काही करता येत नाही.